रोजचं हाताशी, क्वचितचं माळ्यावर

शेतात असाल, चुलीपुढे असाल, बैठकीला निघालेल्या असाल, जिथे असाल तिथून ऐका. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज कर्ज नाही, शेळीपालन नाही, लोणच्याची विक्री नाही. आज आपल्या फोनमधल्या ॲपबद्दल बोलायचं आहे. ‘त्यातलं आपल्याला काय कळतंय’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. घरातलं काय ओट्यावर ठेवायचं आणि काय माळ्यावर टाकायचं हे जिला कळतं, तिला आजचं सगळं कळणार आहे.

कारण असं झालं. आपले गट ज्या ॲपवर हिशोब भरतात ते हल्ली फार जड झालंय, ही आपली सगळ्यांची तक्रार. उघडायला वेळ, एका बाईची बचत भरायला वेळ, मधेच फोन तापतो, मधेच पडदा पांढरा होतो. दहा-बारा जणींच्या नोंदी करण्यात बैठकीचा निम्मा वेळ जातो. ज्यांना संध्याकाळची धार काढायची असते त्या सही करून निघून जातात आणि मग कर्ज कुणाला द्यायचं याची चर्चा उरलेल्या तिघी-चौघींतच होते. म्हणजे ॲपचा संथपणा हा नुसता फोनचा प्रश्न राहत नाही, तो गटाच्या कारभाराचा प्रश्न होतो.

आपण तक्रार कळवली. ॲप बनवणाऱ्यांकडून उत्तर आलं की हलकं करून देतो, पण काही सोयी काढाव्या लागतील. वर्षभरात ज्या सोयी फारशा कुणी वापरल्या नाहीत त्यांची यादी त्यांनी सोबत जोडली आहे. यातलं काय काढायचं ते गटांनी कळवावं, असं म्हटलंय. ती यादी पुढच्या बैठकीत तुमच्यापुढे येईल. एकदा होकार दिला की काढलेलं परत मागणं अवघड जातं. म्हणून आधी आपापसात बोलून घेऊ.

पहिल्यांदा ॲप जड कशानं होतं ते बघू. ॲप म्हणजे फोनला दिलेल्या सूचनांची लांबलचक वही. त्या सूचनांना कोड म्हणतात. ‘बचत’ हे बटण दाबलं की अमुक कर, ‘जतन करा’ दाबलं की तमुक कर. ही वही फोनच्या साठवणीत पडून असते. तो आपला माळा समजा. आपण ॲप उघडलं की त्यातला लागेल तेवढा भाग फोन आपल्या काम करायच्या जागेवर आणतो. त्या जागेला रॅम म्हणतात. तो आपला ओटा. माळा मोठा असतो, ओटा लहान. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या फोनचा ओटा दोन-तीन जीबीचा, आणि त्यावर व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि मुलांचे खेळ आधीच पाय पसरून बसलेले.

आता बघा. चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, शेवयांचा साचा, पन्नास माणसांचं पातेलं, हे सगळं रोज ओट्यावर मांडून ठेवलं तर भाकरी थापायला जागा उरेल का? नाही उरणार. पण सोऱ्या माळ्यावर असेल तर तो भाकरीच्या आड येतो का? येत नाही. भाकरीला लागायचा तेवढाच वेळ लागतो. उद्या तो सोऱ्या भंगारात घातला तरी भाकरी काही लवकर होत नाही, फक्त दिवाळीला पंचाईत होते.

ॲपचंही असंच आहे. एखादी सोय कमी वापरली जाते ही एक गोष्ट झाली. एखादी सोय सगळ्यांचं काम अडवते ही दुसरी गोष्ट. या दोन वेगळ्या याद्या आहेत. आपल्याकडे आली आहे ती पहिली यादी, कमी वापराची. आपली तक्रार होती दुसऱ्या यादीबद्दल. पहिल्या यादीतल्या सगळ्या गोष्टी काढून टाकल्या तरी ॲप तेवढंच संथ राहू शकतं. ही बाब आधी नीट मनात धरा.

मग ॲप खरंच कशात अडकतं? एक गमतीची गोष्ट सांगतो. डोनाल्ड क्नूथ नावाचे अमेरिकेतले फार मोठे संगणकशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९७१ साली लोकांनी लिहिलेले पुष्कळ प्रोग्रॅम तपासले आणि कोणत्या भागाला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यांना असं दिसलं की प्रोग्रॅमच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात साधारणपणे निम्म्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे शंभर ओळी असल्या तर त्यातल्या तीन-चार ओळीच वेळ खातात. बाकीच्या ओळी शहाण्या मुलांसारख्या गप्प बसलेल्या असतात. म्हणून जाणती माणसं सांगतात की आधी मोजा, मग कात्री लावा. नुसत्या अंदाजानं छाटलं तर फळाची फांदी तुटते आणि बांडगूळ तसंच राहतं.

आपल्या ॲपबद्दल आम्ही एवढंच केलं. हातात मोबाइलचं घड्याळ धरून बसलो आणि ॲप कुठे थांबतं ते बघितलं. तुम्हीही बघा. उघडल्या उघडल्या पहिल्या पानावर गटाच्या वर्षभराच्या बचतीचे रंगीत आलेख येतात. ते भरण्यासाठी फोन दर वेळी नेटवरून सगळ्या वर्षाचा हिशोब मागवतो. रेंज एकच काडी असली की तिथेच गोल गोल फिरत राहतं. नंतर प्रत्येक बाईच्या नावासोबत तिचा फोटो उतरतो. एकीची बचत जतन केली की दुसरीच्या नावावर जाण्याआधी पुन्हा सगळी यादी नव्यानं येते. खरा वेळ खातात ते हे.

फोन स्वतः सेकंदाला कोट्यवधी लहान कामं करू शकतो. ‘ही बाई गटात आहे की गट सोडून गेली’ एवढं स्वतःच्याच वहीत बघायला त्याला डोळ्याचं पातंही लवायला लागत नाही. पण तेच विचारायला तो दर नोंदीला नेटवरून दूरच्या कचेरीत गेला, तर एका नोंदीला पाच-दहा सेकंद सहज जातात. सोय तीच. पण कोड लिहिताना ती कुठे ठेवली, घरात की दहा कोसांवर, यावर सगळं ठरतं. तेच उत्तर बैठकीच्या सुरुवातीला एकदा आणून ठेवलं तर पुढच्या बारा नोंदींना हेलपाटा नाही. आपण नाही का, बाजाराला एकदा जातो आणि आठवड्याचं आणतो.

शहाण्या कारागिरांनी ही अडचण कशी सोडवली त्याचे दोन दाखले देतो. दोन्ही तुमच्या हातातल्या फोनमध्येच आहेत.

पहिला दाखला फोनच्या मेंदूचा. त्याला प्रोसेसर म्हणतात. पूर्वीच्या प्रोसेसरांना शेकडो प्रकारचे हुकूम समजायचे, काही साधे, काही फार गुंतागुंतीचे. १९७० च्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन कॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी बघितलं की प्रत्यक्षात बहुतेक काम थोड्याशा साध्या हुकमांवरच चालतं. गुंतागुंतीचे हुकूम क्वचितच लागतात, पण ते समजून घेण्याच्या तयारीपायी साध्या हुकमांनाही थांबावं लागतं. मग त्यांनी मेंदूत फक्त साधे हुकूम ठेवले आणि ते झपाट्यानं चालतील असे केले. गुंतागुंतीचं काम आलं तर? ते साध्या हुकमांची माळ ओवून करायचं. काम बंद झालं नाही, फक्त ज्याला ते लागतं त्यानं त्याचा वेळ द्यायचा, बाकीच्यांनी नाही. याच विचारानं पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी १९८५ साली ‘आर्म’ नावाचा प्रोसेसर घडवला. आज आपल्या जवळजवळ सगळ्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासनं ‘शक्ती’ नावाचे प्रोसेसर तयार केलेत, तेही याच विचाराचे.

दुसरा दाखला पैशांचा. भाजीवालीला वीस रुपये द्यायचे तरी आणि खताच्या दुकानात पाच हजार द्यायचे तरी, यूपीआयमध्ये वाट एकच होती. पिन टाका, बँकेच्या मुख्य खात्यात नोंद होऊ द्या, मग पैसे जाणार. आणि रोजचे व्यवहार बघितले तर त्यात लहान रकमांचीच गर्दी. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये ‘यूपीआय लाइट’ आलं. थोडे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायचे आणि त्यातून लहान रक्कम पिन न टाकता द्यायची. सुरुवातीला ही मर्यादा एका वेळी २०० रुपये होती, पुढे वाढवली. प्रत्येक चहाच्या पैशासाठी बँकेच्या मुख्य वहीला हात लावावा लागत नाही. मोठी रक्कम मात्र पूर्वीच्याच पूर्ण वाटेनं जाते. बघा, मोठ्या रकमेची सोय कुणी काढली नाही. रोजच्या कामाला एक आखूड पायवाट करून दिली, एवढंच.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चांगल्या लोकांमध्ये एक जुना दंडक आहे. जी सोय मी वापरत नाही तिचा बोजा माझ्यावर पडता कामा नये. आपल्या गटातलं मोठं पातेलं आठवा. ते प्रत्येकीच्या घरात नसतं. गटाकडे एक असतं. जिच्या घरी कार्य असेल ती नेते, घासून-पुसून परत आणून ठेवते. ॲपमध्येही अशी व्यवस्था करता येते. क्वचित लागणारा भाग वेगळा ठेवायचा आणि जिला लागेल तिच्याच फोनवर, लागेल तेव्हाच उतरवायचा. अँड्रॉइड फोनसाठी ॲपचे असे तुकडे करायची सोय २०१८ पासून आहे. तेव्हा ‘एक तर सगळं ठेवा नाही तर काढून टाका’ असा प्रश्न कुणी घातला, तर तिसरी वाटही असते हे आपल्याला ठाऊक असू द्या.

मग काहीच काढायचं नाही का? तसंही म्हणू नका. माळ्यावरच्या वस्तूलाही धूळ लागते, झुरळ लागतं. क्वचितची सोयसुद्धा कुणाला तरी सांभाळावी लागते. समजा ॲपमध्ये दहा सोयी अशा आहेत की ज्या चालू किंवा बंद करता येतात. त्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या होतात १०२४. एकीकडे हात लावला की दुसरीकडे काही बिघडलं नाही ना, हे बघायचं तर इतक्या तऱ्हा तपासायला हव्यात. म्हणून बनवणारे कंटाळतात. त्यांचं अगदीच खोटं नसतं.

आणि विसरलेली सोय धोक्याचीही ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये जगभर एक गडबड झाली होती. ‘लॉगफोरजे’ नावाचा एक लहानसा सॉफ्टवेअरचा भाग आहे. त्याचं काम म्हणजे प्रोग्रॅममध्ये काय काय झालं त्याची रोजनिशी लिहिणं. कारकुनासारखं. त्यात कधीतरी एक जादा सोय घातलेली होती. रोजनिशीत विशिष्ट प्रकारचा मजकूर आला की कारकुनानं लिहिता लिहिता उठून बाहेरून वस्तू आणायची. फार थोड्यांना ती लागत होती, पण ती सगळ्यांकडे चालू होती. चोरांनी नेमका तसा मजकूर पाठवून त्या कारकुनाच्या हातूनच चोराला घरात आणवलं. जगभरच्या कंपन्यांची धावपळ उडाली. नंतरच्या आवृत्तीत ती सोय मुळातच बंद करून ठेवली. परसदाराची कडी कधी उघडली जात नसेल तर ती लावलेली आहे ना, हे बघितलं पाहिजे.

म्हणजे काढायचंही आहे आणि ठेवायचंही आहे. ठरवायचं कसं? आम्ही तीन प्रश्न काढले आहेत. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

पहिला प्रश्न. ही सोय वापरली जात नाही तेव्हा तिचा भार कुणावर पडतो आणि किती सेकंदांचा?

दुसरा प्रश्न. ही सोय ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ती नसली, तर आपलं काय जातं?

तिसरा प्रश्न. ‘क्वचित’ म्हणजे कुणाला क्वचित?

आता या तीन प्रश्नांनी आलेली यादी चाळून बघू.

यादीत पहिलं नाव आहे ‘सभासद मयत झाल्याची नोंद आणि वारसाचा हिशोब’. वर्षभरात मोजक्याच वेळी वापरली गेली असं लिहिलंय. बरोबरच आहे. देवानं ती कुणावरच आणू नये. पण आमच्या कामाच्या भागातल्या एका गटात काय झालं ते ऐका. तो गट तेव्हा दुसरंच एक ॲप वापरत होता. ते असंच हलकं करताना ही सोय काढून टाकली होती. गटातली एक बाई आजारपणात गेली. आता ॲपमध्ये तिचं नाव बंद कसं करायचं? बटणच नाही. दर आठवड्याला तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागायचं, ‘बचत थकली’ लागायचं, ‘हप्ता थकला’ लागायचं. गेलेल्या बाईच्या नावावर थकबाकी चढत राहिली. गटाची परतफेड कमी दिसायला लागली, बँकेच्या कर्जाचं प्रकरण अडकलं आणि बाकीच्या नऊ जणींची पेरणीची वेळ टळली. तिची मुलगी आईच्या बचतीचे पैसे मागायला आली तर पडद्यावर आईचं खातं अजून चालूच. त्या गटानं कागदी वही सोडली नव्हती, म्हणून निभावलं. वहीवरून हिशोब काढला, ठराव केला, मुलीला पैसे दिले. पण तीन-चार महिने त्या बायांनी जे सोसलं ते एका बटणासाठी.

आता आपले प्रश्न लावा. ही सोय वापरात नसताना तिचा भार किती? जवळजवळ नाही. ती मागच्या पानावर गप्प पडलेली असते. लागली तेव्हा नसली तर काय जातं? मघाशी ऐकलंत. तेव्हा ही सोय राहिली पाहिजे. पुढच्या पानावर नको, मागे असू द्या, पण असू द्या.

दुसरं नाव ‘चुकलेली नोंद दुरुस्त करणे’. वहीत चुकलं तर आपण एक आडवी रेघ मारतो, बाजूला खरा आकडा लिहितो आणि अध्यक्ष-सचिव सही करतात. खोडरबर चालत नाही. ॲपमध्येही तशीच व्यवस्था हवी. जुना आकडा दिसत राहील, नवा कुणी आणि कधी लिहिला ते कळेल. वापर कमी आहे याचा अर्थ आपली हिशोब लिहिणारी ताई नीट काम करते. म्हणून दुरुस्तीची वाटच बंद करायची का?

तिसरं नाव ‘नेट नसताना नोंद साठवणे’. शंभरात फार थोडे गट वापरतात असं लिहिलंय. इथे तिसरा प्रश्न लावा. कुणाला क्वचित? रस्त्याकडेच्या गावांना ही सोय कधीच लागत नाही. डोंगराच्या पलीकडच्या वाड्यांना ती दर बैठकीला लागते. सगळ्या गटांची सरासरी काढली की त्या वाड्या आकड्यात बुडून जातात. ज्या शहरात बसून कोड लिहिला जातो तिथे चोवीस तास रेंज असते. तिथून बघितलं तर रेंज नसणं ही कधीमधी घडणारी गोष्ट वाटणारच. ही सोय सांभाळणं अवघड आहे हे मान्य करू. दोन फोनवर वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि नंतर नेट आलं, तर खरी कुठली धरायची हा पेच असतोच. त्यासाठी आपणही एक नियम पाळू, एका बैठकीला एकाच फोनवरून नोंद. पण ही सोय सोडायची नाही. यूपीआय एवढं फोफावलं तरी साध्या फोनवरून नेटशिवाय पैसे पाठवायची स्टार नव्याण्णव हॅशची सोय ठेवलेलीच आहे ना? वापरणारे थोडे असतात, पण त्यांना दुसरी वाट नसते.

चौथं नाव ‘मजकूर आवाजात वाचून दाखवणे’. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्या मैत्रिणींसाठी. इथे थोडी तडजोड करता येते. अँड्रॉइड फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी ‘टॉकबॅक’ नावाची सोय मुळातच असते. ॲपनं आपल्या प्रत्येक बटणाला नीट नाव दिलेलं असलं की टॉकबॅक ते वाचतं. तेव्हा ॲपचा स्वतःचा वेगळा आवाज काढला तरी चालेल, मात्र आधी सगळ्या बटणांना मराठी नावं द्या आणि दृष्टी नसलेल्या एखाद्या मैत्रिणीच्या हातात फोन देऊन तिच्याकडून खात्री करून घ्या. मग काढा. भार कमी होईल आणि तिचंही अडणार नाही.

पाचवं नाव ‘वार्षिक ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचा अहवाल’. वर्षातून एकदा लागतो आणि खरोखर जड आहे. याच्यासाठी प्रत्येकीच्या फोनचा ओटा कशाला अडवायचा? हे आपलं पन्नास माणसांचं पातेलं. ग्रामसंघाच्या कार्यालयातल्या संगणकावर ठेवा, मार्चनंतर तिथून काढू.

आणि आता गंमत बघा. पहिल्या पानावरचे रंगीत आलेख या यादीत नाहीतच. का? कारण ॲप उघडलं की ते आपोआप येतात, म्हणून मोजणीत ते ‘रोज वापरले’ असे धरले गेले. बघतं कोण? तुम्ही कधी बघितलेत? सणासुदीला येणारी हलती चित्रं आणि शुभेच्छाही यादीत नाहीत, तीही आपोआपच येतात. म्हणजे आपण बोटानं मागितलेलं ते ‘कमी वापरलेलं’ ठरलं आणि न मागता समोर आलेलं ते ‘रोजचं’ ठरलं. आकडे खोटे नाहीत, पण काय मोजलं हे विचारल्याशिवाय आकड्यांवर मान डोलवायची नाही. गटाच्या हिशोबात आपण कुणाला असं सोडतो का?

तेव्हा आलेख मागच्या पानावर न्या, ज्या बाईला बघायचे असतील ती बटण दाबून बघेल. शुभेच्छा काढून टाका, त्या आपण एकमेकींना तोंडानं देऊ. फोटो लहान करा आणि एकदा उतरले की फोनवरच राहू द्या. सभासदांची यादी बैठकीच्या सुरुवातीला एकदाच आणा. आमच्या समजुतीनं खरा वेग यातूनच मिळेल. पण आमच्या समजुतीवरही विसंबू नका. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर किती सेकंद लागले ते त्यांनी मोजून दाखवावं, तेही आपल्यासारख्या दोन जीबीच्या फोनवर आणि आपल्या गावाच्या रेंजमध्ये.

कमी वापराच्या सोयीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती थेट आपल्या जिवाशी आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये नियम केला की २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटकाळी मदत मागण्याची सोय असलीच पाहिजे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर चालू-बंद करायचं बटण झटपट तीनदा दाबायचं. मदतीचा देशभराचा क्रमांक ११२. तुमच्या फोनवर नेमकं कसं आहे ते सेटिंगमध्ये आजच बघून घ्या, उगाच फोन मात्र लावून बघू नका. आपल्यापैकी बहुतेकींना हे बटण जन्मात कधी वापरावं लागणार नाही, लागूही नये. वापराच्या आकड्यांवर ठरवलं असतं तर ते यादीत सगळ्यात आधी कटलं असतं. न वापरता ते फोनला जड होत नाही आणि ज्या रात्री लागेल त्या रात्री त्याच्याशिवाय दुसरं काही कामाचं नसतं. एखाद्या सोयीची किंमत ती किती वेळा दाबली यावर नेहमीच ठरत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. यादी मोठ्यानं वाचा. प्रत्येक सोयीपुढे तीन रकाने आखा: भार किती, नसली तर काय जातं, आणि कुणाला लागते. ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांनाही विचारा, कारण वारसाचा कॉलम त्यांच्याही नावाचा आहे. डोंगरापलीकडच्या गटांनी आपलं म्हणणं आवर्जून लेखी द्या. सगळ्या गटांचे कागद ग्रामसंघात आले की तिथून एकच पत्र जाईल. पत्रात आपण सोयी मागतोय तसा वेगही मागतोय, आणि दोन्ही एकत्र कसे जमतील हेही सांगतोय. ॲप बनवणारी मुलं हुशार आहेत. त्यांना कोड कळतो, आपल्याला बैठक कळते. दोघांनी एका सतरंजीवर बसायचं आहे.

आणि शेवटची विनंती. ॲप कितीही हलकं झालं, कितीही वेगानं चाललं, तरी कागदी वही बंद करू नका. ती क्वचितच लागेल. लागेल तेव्हा ती कपाटात असली पाहिजे.

बैठकीत भेटूच.